मोसंबीचं पाणी

दादांच्या रसासाठी मोसंबी सोलते, सालीचा वास बोटांना लागतो आणि मी चाकूरच्या शिवारातल्या आमच्या घरी जाऊन पोचते. गावापासून लांब, एकटंच घर, चारी बाजूंनी बाग. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेतली नोकरी सांभाळून त्यातलं एकेक झाड लावलेलं.

एका वर्षी फाल्गुनातच विहीर तळाला गेली, बागेला पाणी पुरेना. दादांनी झाडं वाटून दिली. प्रत्येकानं आपल्या झाडाखाली फरशीवर, लुगड्याचा आडोसा करून अंघोळ करायची, म्हणजे तेच पाणी मुळाला. माझ्या वाट्याला मोसंबी आली. मी तेरा वर्षांची, उघड्यावर लई लाज वाटायची. दादा शाळेला गेले की मी गुपचूप न्हाणीत अंघोळ उरकायची. ते पाणी मागच्या ओढ्यात वाहून जायचं.

संध्याकाळी ते विचारायचे, "मोसंबीला पाणी मिळालं का गं?"

"हाव."

एके दिवशी त्यांनी हात लावताच मोसंबीची वाळकी फांदी कट्कन मोडली. बराच वेळ ते ती हातात धरून उभे होते. "मुळाला कीड लागली असंल," म्हणाले. "तू तर रोज घातलंस."

मी त्यांच्या हातातली फांदी घेऊन चुलीकडं नेली.

आता ते घर नाही. बागेचे प्लॉट पडलेत. लातूरच्या फ्लॅटमध्ये दादा अंथरुणाला खिळलेत. त्यांचं अंग पुसून मी बादली उचलली की रोज विचारतात, "मोसंबीला पाणी घालायलीस ना?"

"हाव दादा," म्हणते, आणि बादली मोरीत ओतते.