ब्रेकची पट्टी

नवरा म्हणून अल्फान्सो कसा आहे ते मला विचारू नका, दिवसभर बसावं लागेल. पण मेकॅनिक म्हणून त्याच्यासारखा हट्टी माणूस अख्ख्या पोईसर गावठाणात मिळायचा नाही. आमच्या घराच्या ओटीवरच त्याचं दुकान. झाडं कापायच्या पेट्रोलच्या मशीन, चेनसॉ म्हणतात त्या, तो दुरुस्त करतो. मला माझ्याच ओटीवर टेकायला जागा नाही आणि पडद्यांना कायम जळक्या ऑइलचा वास.

कंपनीचे पार्ट वेळेवर मिळत नाहीत, मग बाजारातले डुप्लिकेट घालावे लागतात. लोक डुप्लिकेट म्हटलं की नाक मुरडतात. अल्फान्सो म्हणतो, सगळे डुप्लिकेट सारखे नसतात, हातात घेऊन बघावं लागतं. नवा सिलिंडर आला की आतून नख फिरवणार, कड बोचली तर बारीक कानसीने घासणार, आतला मुलामा सुटतोय असं वाटलं तर सरळ भंगारात. वर दुकानदाराशी भांडण. मशीनला जोर यावा म्हणून सायलेन्सरचं तोंड मोठं करून देईल, पण पुढच्या दांड्याला हात लावू देणार नाही. तो दांडा म्हणजे ब्रेक. मशीन उसळून अंगावर आली की हात त्यावर आपटतो, आतली पट्टी आवळते आणि चेन जागच्या जागी थांबते. झाडावर चढणारी पोरं म्हणतात, अंकल, हा फांद्यांत अडकतो, काढून टाका ना. असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही.

खंडूने कधी असं म्हटलं नाही, म्हणून तो ह्याचा लाडका. दोर बांधून उंच झाडांवर चढणारा, शांत पोरगा. यंदा दसऱ्याच्या आधी त्याच्या मशीनची ब्रेकची पट्टी तुटली. कंपनीची मिळेना. अल्फान्सोने डुप्लिकेट मागवली, पसंत पडली नाही म्हणून परत केली, दुसरी आणून बसवली आणि दिवसभर दांडा ओढून बघत बसला. खटाक, खटाक, खटाक. शेवटी मी म्हटलं, आता तरी दे रे बाबा ती मशीन, माझं डोकं उठलंय. तेव्हा कुठे दिली.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी खंडू मुलुंडला एका सोसायटीत झाडावर चढला. चढण्याआधी दांडा ओढून बघितला होता, आवाजही आला होता. वर मशीन उसळली, हात दांड्यावर बसला, पण चेन थांबली नाही. डावा खांदा फाटला. दोर होता म्हणून खाली आला नाही.

संध्याकाळी त्याचा कॉन्ट्रॅक्टर नितेश मशीन घेऊन आला आणि ओटीवर आदळली. "अंकल, तुमच्या डुप्लिकेट पट्टीने माझा माणूस गेला असता," म्हणाला. झालं. कांदिवलीपासून भांडुपपर्यंत बातमी. आठवड्याभरात लोक आपापल्या मशीन परत घेऊन गेले. काहींनी तर डोळ्याला डोळा भिडवला नाही.

अल्फान्सो खंडूची मशीन उघडेना. जेवेना. "मीच घातली ती पट्टी, बर्था," एवढंच बोलायचा. मी म्हटलं, मग उघड आणि बघ एकदा, असा मेल्यासारखा बसू नकोस.

उघडली. पट्टी शाबूत होती, नवी कोरी. पण दांड्याच्या सांध्यात काहीतरी अडकलं होतं. तेलात माखलेले, भुशात चिकटलेले, कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे. मशीन चालताना हादऱ्याने ते आत सरकले असणार, आणि त्यांच्यामुळे दांडा अर्ध्यावरच अडत होता. आम्ही ख्रिस्ती असलो तरी दसऱ्याला घरोघरी हत्यारांची पूजा होते, अक्षता वाहतात, हे आम्हाला काय कुणी सांगायला नको. खंडूची बायको सुलक्षणा दरवर्षी आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे येते.

मी म्हटलं, नितेशला फोन लाव. अल्फान्सोने चिमट्याने एकेक दाणा काढला, तळहातावर घेतला आणि अंगणात फुंकून टाकला.

"कुणाला बोलायचं नाही," म्हणाला.

"आणि तुझं नाव?"

"नावाचं काय गं. अक्षता सुलक्षणानेच वाहिल्या असणार. ती पोरगी आयुष्यभर काय घेऊन जगेल?"

माझा संताप झाला. साऱ्या जन्मात ह्या माणसाने एक वाईट पार्ट खपवला नाही, आणि आता लोक ह्याला लबाड म्हणणार आणि हा ऐकून घेणार? दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि टेकडीवर सुलक्षणाच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते.

ती खंडूच्या शर्टाची बटणं लावत होती. खांद्याला हे भलंमोठं बँडेज. मला बघून तिने मान फिरवली, मग चहा टाकला.

"आंटी, खोटं कशाला बोलू, अंकलचा राग आलाय मला," ती म्हणाली. "पण देवाने राखलं. दरवर्षी मशीनची पूजा हाच करतो, दोन फुलं टाकली की झालं. यंदा माझ्या मनात काय आलं, म्हटलं मी करते. ओंजळभर अक्षता वाहिल्या. म्हटलं, माझ्या माणसाला सांभाळ. म्हणून तर मानेवरचं खांद्यावर गेलं. डॉक्टर म्हणाले, जरा इकडे लागलं असतं तर संपलंच होतं." आणि डोळ्याला पदर लावला.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. ते चहाच्या कपाला लावलं.

निघताना म्हटलं, "पुढच्या वर्षी पूजा आमच्या ओटीवर करू गं. फुलं मी आणते, नुसती फुलंच वाहू." ती हो म्हणाली.

घरी आले तर अल्फान्सो रिकाम्या ओटीवर बसलेला.

"सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं? तुझी पट्टीच खराब होती," मी म्हटलं, आणि आत जाऊन त्याचं ताट वाढलं.