मुद्दाम चुकणारे शेजारी

चेन्नईत, वेलचेरीला, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ सदान्‌कदा चुकतात. ते तंजावरकडचे मराठी, त्यामुळे त्यांचं मराठी तमिळच्या हेलात डोलतं, आणि त्या हेलात ते बेधडक काहीही ठोकून देतात. केळ्याला पपई म्हणतात, मंगळवारी शुक्रवार असल्याचं सांगतात. सुरुवातीला मला त्यांची काळजीच वाटायची.

मग कळलं, त्यांची आठ वर्षांची मुलगी ऑटिस्टिक आहे. प्रश्न विचारला की ती गप्प होते, पण कुणी चुकलं की तिला राहवत नाही. म्हणून ते तिला घरी शिकवतात ते असे चुकत चुकत. "दोन नि दोन पाच!" असं ते ओरडले की आतून रागावलेला आवाज येतो, "चार!" परक्यांसमोर मात्र ती कधी तोंड उघडत नाही.

परवा लिफ्टमध्ये ते दोघं भेटले. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्यानं मुलीला नाव विचारलं, तर ती भिंतीकडे वळली; तेव्हा आत्यानं कळवळून त्यांना विचारलं, "बोलत नाही का हो ही?"

"अजिबात नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

मुलगी भिंतीकडेच बघत म्हणाली, "बोलते."

त्यांनी लगेच कान पकडले. "चुकलं माझं." एरवी हे म्हणताना ते हसतात. या वेळी आमचा मजला आला, दार उघडलं, तरी त्यांना पाऊल उचलायचं सुचेना. शेवटी मुलीनंच शर्ट ओढून त्यांना बाहेर काढलं.