सकाळची थरथर

गॅरेजवाल्याचे कान तिखट होते. बॉनेट न उघडता तो बिघाड ओळखायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

नर्सबाई पहिल्यांदा आल्या त्या दुपारी, ड्यूटी संपवून. म्हणाल्या, "सकाळी सुरू केली की गाडी हीव भरल्यासारखी कुडकुडते. चौकात थांबलं की बंदच पडते."

त्याने ऐकलं. इंजिन एका लयीत चाललं होतं. तरी त्याने प्लग बदलून दिले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, पुन्हा दुपारीच. त्याने हवेचा मार्ग साफ करून दिला. तिसऱ्या खेपेला मात्र तो हसला.

"बाई, गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच सकाळी झोपेत क्लच सोडत असाल."

बाकावर बसलेले दोघे फिदीफिदी हसले. नर्सबाईंनी किल्ली उचलली आणि त्या निघून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजच्या दारात आली. मागचा भाग पार चेपला होता.

"चौकात मधोमध बंद पडली," ओढून आणणारा म्हणाला. "मागून टेम्पो बसला. बाई बऱ्या आहेत, पण वडिलांचा खांदा मोडला. सकाळी डोळे तपासायला घेऊन निघाल्या होत्या त्यांना."

 घाईघाईने किल्ली फिरवायला गॅरेजवाल्याने हात घातला आणि तसाच थांबला. बाई यायच्या त्या हॉस्पिटलातून गाडी चालवत. म्हणजे त्याच्या कानावर आलं ते कायम तापलेलं इंजिन. बाई सांगत होत्या गार इंजिनाचं, आणि ते त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो अंथरुणातून उठला तो थेट घराला लागूनच असलेल्या गॅरेजात.

"अहो, तोंड तरी धुवा," मागून बायको म्हणाली.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वरखाली नाचत होता. हवा आत नेणारा जाड नळ इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथे त्याने हळूहळू स्प्रे मारत नेला. मागच्या कोपऱ्यात, हात जेमतेम पोचेल अशा जागी, स्प्रे आत ओढला गेला आणि थरथर क्षणभर थांबली. तिथलं गॅस्केट, सांधा घट्ट बसवणारी पातळ पट्टी, चिरलं होतं. गार असताना त्या चिरेतून जादा हवा आत शिरायची. आठ मिनिटांत धातू तापून फुगला, चीर मिटली आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

"सापडलं का?" बायकोने विचारलं.

"सापडलं. पहिल्याच दिवशी सापडायला हवं होतं."

तसाच तो हॉस्पिटलात गेला. वडील हात गळ्यात बांधून पडले होते. नर्सबाई उशाशी उभ्या होत्या.

"बाई, चूक माझी. गॅस्केट गेलं होतं. गार असताना..."

"मला गॅस्केट कळत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"माझे पेशंट रोज सांगतात, सिस्टर, पहाटे दुखतं, आत्ता नाही दुखत. मी त्यांना हसत नाही."



"बसा की, उभे का?" म्हातारबाबा म्हणाले. त्याला बसवलं नाही.

गाडी दुरुस्त करून तो स्वतः घरी पोचवायला गेला. बाईंनी दारातच किल्ली घेतली. त्यानंतर त्या गॅरेजकडे फिरकल्या नाहीत.

आता सकाळची तक्रार घेऊन कुणी आलं की तो सांगतो, "गाडी इथे ठेवून जा, उद्या गार असताना बघतो." काही जण कुरकुरतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ देत, म्हणतो.

एकदा तो साबण घ्यायला दुकानात गेला, तर आत म्हातारबाबा उभे होते. वरच्या फळीवरचा डबा काढायला त्यांनी हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्यांनी दुकानदाराला हाक मारली. गॅरेजवाला एक पाऊल पुढे झाला, पण डबा काढून देण्याचा धीर त्याला झाला नाही. साबण न घेताच तो बाहेर पडला.