क्षमा करायला सांगायला गेलो तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या खाटेशेजारी बसून मी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. त्या प्रार्थनेतला एकही शब्द देवासाठी नव्हता. सगळे प्रिन्सिपलसाहेबांसाठी होते.

मी हैदराबादच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवतो. त्या वर्षी मुलांच्या हॉस्टेलच्या वॉर्डनचा चार्जही माझ्याकडे होता. वॉर्डन म्हणजे पंखा बंद पडला, वरणात पाणी जास्त झालं, पोरगं तापाने फणफणलं, की ज्याच्या नावाने ओरडतात तो माणूस.

आमचं घर बरकतपुऱ्यात. आजोबा जालन्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी काचीगुड्याला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, बाजारात दखनी. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते नाताळच्या केकपुरतं. स्टाफरूममध्ये डबा उघडल्यावर मी कधी मान खाली घातली नाही. मनातल्या मनात उरकून घ्यायचो.

अनुग्रह त्या वर्षी उदगीरहून फर्स्ट इयरला आला. वडील शाळेत मास्तर. नवीन मुलं वॉर्डनकडे येतात ती वाय-फायचा पासवर्ड विचारायला. याने खोलीची किल्ली घेतली आणि विचारलं, "सर, इथं मराठी उपासना कुठं होते?"

"नल्लकुंट्याला, एका शाळेच्या हॉलमध्ये. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. माणसं थोडीच, त्यातली बहुतेक म्हातारी."

"तबला आहे का?"

"आहे. वाजवणारा नाही."

"मग झालंच की सर!"

पहिल्याच खेपेला त्याने भजनं अशी रंगवली, की आमच्या मंडळीतल्या आजीबाईंनी झांजा मागवल्या. बायको मला म्हणाली, "अहो, हा पोरगा चार वर्षं इथं टिकू दे म्हणजे झालं."

हॉस्टेलच्या मेसमध्ये मात्र तमाशा सुरू झाला. अनुग्रह जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. चोरून नाही, दाखवूनही नाही. घरी करत असेल तशीच. सीनियर पोरं तेवढ्या वेळात त्याचं ताट लांबवायची, पापड पळवायची, भातात मिठाचा ढीग ओतायची. यांच्यात पुढे होता फायनल इयरचा हर्षल. आईवडील पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी इथे आलेले. त्यानेच याचं नाव पाद्रीबाबा ठेवलं. अनुग्रह डोळे उघडायचा, रिकाम्या टेबलाकडे बघायचा आणि म्हणायचा, "दादा, आमेनपर्यंत तरी दम धरा की."

सगळे हसायचे. राउंडला आलेला मी दारात उभा राहून हसायचो. माझ्या मनात कुठेतरी असंही होतं, की एवढं उघड्यावर करायची काय गरज? माझ्यासारखं मनात उरकावं.

एका शनिवारी दुपारी त्यांनी त्याच्या अंगाभोवती चादर गुंडाळली, त्याला मेसच्या टेबलावर उभं केलं आणि म्हणाले, "पाद्रीबाबा, सगळ्या पब्लिकला आशीर्वाद द्या." तो नको नको म्हणत होता. कुणीतरी "भूकंप आला" म्हणून टेबल हलवलं. अनुग्रह खाली पडला. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात मीच नेलं. गाडीत तो वेदनेने पांढरा पडला होता. एवढंच म्हणाला, "सर, उद्याच्या उपासनेला तबला राहिला."

सोमवारी प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं. रॅगिंगचा नियम वाचकांना थोडक्यात सांगतो. मुलाने लेखी तक्रार दिली की अँटी-रॅगिंग कमिटी बसते, दुखापत असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, आणि मग ते प्रकरण कुणाच्या ड्रॉवरमध्ये मावत नाही. आमच्याकडे त्याच महिन्यात इन्स्पेक्शन होतं. म्हणजे बाहेरची टीम येऊन कॉलेजला ग्रेड देणार.

"आढाव साब," साहेब म्हणाले, "लडका तुम्हारे चर्च का है ना?"

"हाँ सर."

"तुम लोगां में माफ करना बडी बात है बोलते. बोलो उसकू, माफ कर देना. पाँव फिसला बोल को एक कागज लिख देना. कमिटी-गिमिटी नक्को."

"सर, हात मोडलाय त्याचा."

"हात जुड जाता साब. ग्रेड नहीं जुडता."

मी उठायला हवं होतं. पण माझ्या प्रोफेसरपदाच्या प्रमोशनची शिफारस त्यांनाच करायची होती. मी म्हणालो, "बोलून बघतो."

उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन मी दुपारी अनुग्रहच्या खोलीवर गेलो. तो प्लास्टर मांडीवर ठेवून बसला होता. मी चौकशी केली. मग प्रभूच्या शिकवणीवर आलो. क्षमा किती मोठी, शत्रूवर प्रेम कसं करावं, एका चुकीपायी पोरांची आयुष्यं कशी नासतात. सगळं खरं होतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, त्यामुळे अडखळलो नाही. शेवटी म्हणालो, "चल, प्रार्थना करू." आणि ती प्रार्थना केली. याला क्षमेचं बळ दे, म्हणालो. त्याने मनापासून आमेन म्हटलं.

मग मी खिशातून कागद काढला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मजकूर मी आधीच लिहून आणला होता. त्याने फक्त डाव्या हाताने सही करायची होती.

त्याने वाचलं. परत वाचलं.

"सर, पाय घसरला असं लिहिलंय."

"हं."

"पण तसं नाही झालं ना."

"अरे, क्षमा करायची म्हणजे विसरायचं."

"क्षमा तर केली ना सर मी. काल सकाळीच केली. हर्षलदादा आला होता. रडत होता. मी सांगितलं त्याला, माझ्या मनात काही नाही. कालपासून तोच मला भात कालवून देतोय." त्याने कागदावर बोट ठेवलं. "पण हे लिहिलं तर मी क्षमा कशाची केली? काही झालंच नाही तर क्षमा कशाची?"

उत्तर नसलं की माणूस अधिकारावर येतो. मी म्हणालो, "हॉस्टेलची सीट दरवर्षी नव्याने द्यावी लागते, बाळ. मीच देतो. विचार कर."

हे वाक्य लिहितानाही कान तापतात.

तो रागावला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आजारी माणसाकडे बघावं तसा. मग म्हणाला, "सर, अजून एकदा प्रार्थना करायची का? आता मी करतो."

त्याने डोळे मिटले. एकच हात पुढे धरला. "प्रभू, सरांवर लई दडपण आहे. त्यांना भीती वाटतीय. ते चांगले आहेत, मला दवाखान्यात त्यांनीच नेलं. त्यांच्यासोबत राहा. त्यांना एकटं सोडू नको. आमेन."

टोमणा नव्हता त्यात. मी बारकाईने शोधला, नव्हता. तसं माझ्यासाठी कुणी माझ्यासमोर देवाकडे मागितल्याला कित्येक वर्षं झाली होती. मी कागद खिशात घातला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

अनुग्रहने तक्रार दिली. कमिटीपुढे जे झालं ते सांगितलं, कमी नाही की जास्त नाही. शेवटी म्हणाला, "त्यांना कॉलेजातून काढू नका, सर. पण झालं नाही असंही म्हणू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वॉर्डन साब, आप क्या बोलते?"

मी बोललो. "पहिल्या आठवड्यापासून चाललं होतं, सर. मी बघत होतो. थांबवलं नाही. हसलोही." त्या खोलीत माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच सरळ वाक्य. ते माझ्या धैर्यातून आलं नाही. कुणीतरी माझ्यासाठी मागितलं होतं, म्हणून आलं, असं मी मानतो.

हर्षल आणि त्याचे दोन मित्र एका सेमिस्टरसाठी सस्पेंड झाले. पोलिसांनी पालकांना बोलावून समज दिली. हर्षलची नोकरी लांबली, पण लागली. माझा वॉर्डनचा चार्ज गेला. प्रमोशन अडलं, ते अजून अडलेलंच आहे. आणि इन्स्पेक्शनच्या टीममधल्या एका मॅडमनी रॅगिंगची माहिती चाळून साहेबांना विचारलं, "इतकी वर्षं एकही तक्रार नाही? यंदाची ही एकच नोंद काय ती खरी दिसते." ग्रेड चांगला मिळाला.

मी आता स्टाफरूममध्ये डब्यापुढे मान खाली घालतो. पहिल्या दिवशी शेजारच्या मॅडमनी विचारलं, "सर, चक्कर येतेय का?" म्हटलं, नाही, आभार मानतोय. तेवढं सांगायला मला पन्नाशी गाठावी लागली आणि एक फर्स्ट इयरचा पोरगा भेटावा लागला. त्याने त्या दुपारी माझं ऐकलं असतं, तर माझं उरलेलं आयुष्य त्या कागदाखाली गेलं असतं. त्याने ऐकलं नाही, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो.

धडा म्हणाल तर एवढाच, की दुसऱ्याला क्षमा करायला सांगण्याआधी त्यात आपला फायदा किती, ते बघून घ्यावं.

अनुग्रह आता थर्ड इयरला आहे. दुसऱ्या रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून येतो आणि वाटेत माझ्या गिअर बदलण्याला हसतो. मी त्याला सॉरी म्हणालो आहे, पण मोघम. "त्या दिवशी जरा जास्तच बोललो." तो म्हणाला, "जाऊ द्या हो सर." मला कुणी पाठवलं होतं, त्यात माझा काय फायदा होता आणि ती पहिली प्रार्थना कसली होती, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, झालं ते मी सांगत नाही तोवर तो मला क्षमा करूच शकत नाही. ते त्याला तोंडाने, समोर बसून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.