देवळातली बुधवारची झोप

माझी बायको देवळात झोपायची. गाभाऱ्याबाहेर, डाव्या हाताच्या दुसऱ्या खांबाला पाठ टेकून, पदर खांद्यावरून नीट घेऊन. तोंड किंचित उघडं. मी समोरच्या खांबाशी बसून तिच्याकडे बघत असे, आणि खरं सांगतो, त्या दोन वर्षांत आमच्या संसारातलं सर्वांत सुखाचं दृश्य तेवढंच होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंदिरानगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. रात्री एकदा तिने उठायचं, एकदा मी, असं ठरलं होतं. ठरलं होतं एवढंच. गजर वाजला की मी वडिलांऐवजी स्वतःचीच कूस बदलत असे आणि सकाळी विचारत असे, "मी उठलो होतो ना?" ती म्हणायची, "हो तर. फार छान उठला होतात."

शेजारचे निवृत्त मास्तर दर बुधवारी दुपारी चारला येऊन वडिलांना पेपर वाचून दाखवायचे. "तासाभरात या कुठेतरी जाऊन," असं आम्हाला सांगायचे. आता कुठेतरी म्हणजे कुठे? हॉटेलात गेलो असतो तर चांदवडच्या आत्याने फोन करून विचारलं असतं, सासरा अंथरुणावर आणि ही डोसे खातेय का. देवळात गेलेल्या सुनेला मात्र कोणी काही विचारत नाही. म्हणून आम्ही देवळात जायला लागलो. भक्तीचं श्रेय मी उगाच घेणार नाही.

नाशकात देवळांना तोटा नाही, पण शांत देऊळ शोधावं लागतं. गोदावरीच्या पलीकडे, वर्दळीच्या रस्त्यापासून दोन बोळ आत, महादेवाचं एक दगडी देऊळ आम्हाला सापडलं. सोमवारी तिथे रांग लागायची. बुधवारी पुजारीसुद्धा नसायचा. दारात एक मावशी आपल्या मळ्यातली फुलं आणि बेल घेऊन बसायची, तेवढीच काय ती जाग.

पहिल्या दिवशी बायकोने नमस्कार केला, खांबाशी बसली आणि डोळे मिटले. मला वाटलं, काहीतरी मोठं मागणं चाललंय. पाच मिनिटांनी मान कलली. मी तिला उठवलं नाही. मंडपातल्या फरशीचा गारवा पायातून वर चढत होता, आत पिंडीवर अभिषेकपात्रातून पाणी ठिबकत होतं, आणि चाळीस मिनिटं मी एक शब्दही बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांनी हे वाक्य हवं तर दोनदा वाचावं. किती दमलोय हे मला तिथे बसल्यावर कळलं. जाग आल्यावर ती आधी रागावली, उठवलं का नाही म्हणून. मग स्कूटरवर मागून म्हणाली, "पुढच्या बुधवारीही येऊ."

असे चार-पाच बुधवार गेले, आणि मग मी माती खाल्ली.

जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई दर्शनाला आल्या. बायकोकडे वाकून बघत म्हणाल्या, "बरं नाही का यांना?"

झोपलीय, असं सांगायला काय जात होतं? पण हौशी नाटकांत कामं केलेल्या माणसाला साधं उत्तर सुचत नाही. मी छातीवर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "ध्यान."

"अगं बाई. किती वर्षं?"

"चौदा."

बाईंनी दुरूनच तिला नमस्कार केला. पुढच्या बुधवारी त्या मैत्रिणीला घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी पाच जणी. एकीने मुलीचं लग्न कधी जमेल विचारलं. मी गंभीरपणे सांगितलं की सध्या मौन आहे. मजा येत होती, नाकारत नाही. घरी माझं बोलणं ऐकायला न बोलणारे वडील आणि पेंगणारी बायको. इथे पाच जणी कान टवकारून.

मग त्यांतल्या एकीने ओटीत नारळ ठेवला. बायको दचकून उठली आणि डोळे मिटलेलेच असताना म्हणाली, "आले, आले. कूस बदलते."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भिंगवाल्या बाई पुटपुटल्या, "काहीतरी पालटणार आहे." आणि सगळ्या जणी तिच्या पायांवर वाकल्या.

घराच्या जिन्यात थांबून ती म्हणाली, "एवढी एक जागा होती. तीही तुम्ही स्टेज केलीत. पाच माणसं दिसली की तिसरी घंटाच ऐकू येते तुम्हाला."

पुढचे दोन बुधवार ती आली नाही. मास्तर पेपर वाचत राहिले आणि ती स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली. त्या शनिवारी वडिलांना पेज भरवताना तिला झोप लागली. चमचा हातात तसाच. वडील तोंड उघडून वाट बघत होते, आणि बोलता येत नसलं तरी त्यांनी डाव्या हाताने तिचा हात हळूच खाली ठेवला. मी दारातून पाहिलं.

तिसऱ्या बुधवारी एकटाच गेलो. बायका आल्याच होत्या. मी उभा राहून सांगितलं, हात न हलवता, आवाज न बदलता. ती ध्यान करत नाही. झोपते. घरी वडील आजारी आहेत, रात्री झोप होत नाही. मी खोटं बोललो.

"म्हणजे आम्ही झोपलेल्या बाईच्या पाया पडलो?" एकीने विचारलं.

दारातून मावशीने उत्तर दिलं, "मला पयल्यापासून ठावं हाय. ध्यानातली बाई घोरत नाय."

भिंगवाल्या बाई पिशवी उचलून निघून गेल्या.

बायकोला पुन्हा तयार करायला आठवडा लागला. "कोणी पाया पडणार नाही?" नाही. "तुम्ही बोलणार नाही?" नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चपला घातल्या.

मंडपात शिरलो तर तिच्या खांबाशी त्याच भिंगवाल्या बाई. बायको मागे वळली.

"थांबा हो," बाई म्हणाल्या आणि सोबत आणलेल्या सतरंजीवर सरकल्या. "या इकडे, इथे ऊन येत नाही. आमचे हे रात्रभर हाका मारतात. पाणी दे, पाय चेप, कोण आलंय बघ. चार वर्षं झाली." मग चष्मा काढून घडी करत म्हणाल्या, "सुनेला सांगून आलेय, ध्यानाला जाते म्हणून."

बायको त्यांच्या शेजारी टेकली. थोड्या वेळाने दोन्ही माना कलल्या.

"भाऊ, तुमी भाईर बसा," मावशी म्हणाली. "लय बोलता."

मी पायरीवर जाऊन बसलो. पाच वाजले. मास्तर घड्याळाकडे बघत असतील म्हणून उठवायला आत गेलो, आणि खांबाशी नुसताच उभा राहिलो. कोणाला हाक मारायचा धीर होईना. मावशीने लांबूनच हाताने खुणावलं, राहू द्या. मी परत बाहेर येऊन बसलो.