हवेतले हार

लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे आईला अकोल्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी अमरावतीहून पोचले तेव्हा तिचा ताप उतरला होता, पण तिने मला ओळखलं नाही.

वॉर्डात फिनाइल आणि लघवीचा मिसळलेला वास होता. पलंगाखाली खरकटा डबा, त्यावर माशा. शेजारी माझा भाऊ संत्री सोलून सालं तिथेच टाकत बसलेला. आईची मनगटं पट्टीने कठड्याला बांधलेली.

"काहून बांधलं?"

"सलाईन उपसते ना. दिवसभर हार गुंफून राहिली बुढी. हे पाय." त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला. आईचे हात हवेत उडत होते. मागे घरच्यांचं हसणं, आणि वहिनी सांगत होती, "आई, शेवंती संपली, आता झेंडू घ्या."

मला शिसारी आली.

आमचं घर फुलवाल्यांचं. आईने जन्मभर हार केले, म्हणून ते हात पाहून कोणालाच शंका आली नाही. डॉक्टरांनाही घरच्यांनी सवय म्हणूनच सांगितलेलं.

"डोकं गेलं तिचं," भाऊ म्हणाला. "दुकान देऊन टाकू कोणाले."

मी आधी पट्ट्या सोडल्या, डबा धुतला, मग तिच्याकडे नीट पाहत बसले. हार करणारा हात लयीत चालतो. हे हात झटके खात होते, डोळा लागल्यावरसुद्धा. ओठही उडत होता.

डॉक्टर आले तेव्हा मी एवढंच सांगितलं, की ही तिची सवय नाही. त्यांनी तिला हात पुढे धरायला लावले, पंजे फडफडले. मग रक्ताचा रिपोर्ट मागवला. किडनी मंदावली होती, त्यामुळे अँटिबायोटिक अंगात साठून मेंदूवर चढलं होतं. त्यांनी औषध बदललं.

हळूहळू झटके थांबले. आईने मला नावाने हाक मारली. तोवर तो व्हिडिओ सगळ्या नात्यात फिरला होता. एक मावशी फोनवर तिलाच हसत सांगून मोकळी झाली.

आईने भावाकडून मोबाइल मागून घेतला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"हार असा गुंफतेत काय बे?" ती म्हणाली. "इतके वर्स दुकानात काय पायलं तू?"

तो आजही तिथेच टाकलेली सालं गोळा करू लागला.

"दुकानाची चाबी इकडं दे," आई म्हणाली.