मावसाजींचं न खोललेलं इंजिन

माझे मावसाजी, म्हणजे थोरल्या मावशीचे मिस्टर, जगातल्या कुठल्याही झाकणाला वाघापेक्षा जास्त घाबरतात. बोथ्याच्या जंगलात अस्वल रस्त्यात आडवं आलं तर ते निदान हॉर्न तरी देतात, पण बंद डब्यापुढे त्यांचे हातपाय गळतात. "बंद हाये तवर बरं हाये," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. टरबूज कापायला घेतलं की ते उठून ओट्यावर जाऊन बसतात, कारण न कापलेलं टरबूज लालच असतं, आणि कापल्यावर काय निघेल याची गॅरंटी कोण देणार. कुकरची शिट्टी झाली की ते अंगणात, आणि झाकण निघाल्यावर घरात शेवटी येणारे तेच. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी मोबाईलवर नंबर टाकत होते, तर त्यांनी मोबाईलच काढून उशीखाली घातला आणि म्हणाले, "आतापर्यंत त नापास नाहीस ना? मंग रह्य ना थोडा वेळ तशीच." आमच्या घरात गाडीला लिंबू-मिरची बांधत नाहीत, त्यामुळे बिचाऱ्यांना आपली सगळी भीती स्वतःच सांभाळावी लागते.

आणि अशा माणसाकडे ट्रक. तोही इतका म्हातारा की त्याचा मूळ रंग कोणता यावर आमच्या उंद्री गावात दोन मतं आहेत. मावसाजी तो इतक्या हळू चालवतात की एकदा एका म्हशीने त्यांना ओव्हरटेक केलं, असं माझा भाऊ शपथेवर सांगतो. हा ट्रक डिझेल पितो की ऑइल, हेही नक्की नव्हतं. मागून निळा धूर, आणि चढ आला की आतून असा खोकला की रस्त्याकडेचे लोक मान वळवून बघायचे. संध्याकाळी गावच्या नाक्यावरून तो खोकला ऐकू आला की मावशी चहाचं आधण ठेवायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, मावशीला मोबाईलची गरजच नाही.

सगळं गाव सांगत होतं, इंजिन बांधून घ्या. इंजिन बांधणं म्हणजे ते पूर्ण खोलायचं, आतलं झिजलेलं सगळं बदलायचं आणि परत जोडायचं. आता यात मावसाजींना न झेपणारा शब्द कोणता ते तुम्हाला कळलंच असेल. खर्चाचं नाव ते कधी काढत नव्हते. म्हणायचे, "मानूस असो का इंजिन, एकदा खोललं का पयल्यासारखं बसत नाही." मावशी म्हणायची, "न खोलता घाटात बसलं त?" त्यावर ते अंगणात जाऊन ट्रकच्या बोनेटवर हात फिरवत उभे राहायचे, तापाच्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

शेवटी मावशीने माझी ड्युटी लावली. चिखलीच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीचाचांकडे ट्रक दाखवायला मावसाजींनी जायचं आणि मी सोबत, म्हणजे ते अर्ध्या रस्त्यातून परत येणार नाहीत. आदल्या दिवशी मी पाहते तर काय, मावसाजी इंजिनचं सगळं ऑइल काढून त्यात जाड, मधासारखं ऑइल ओतत होते. जाड ऑइल टाकलं की धूर काही दिवस दबतो. मग त्यांनी सायलेन्सरही फडक्याने पुसला. मी म्हटलं, "मावसाजी, हे काय?" तर म्हणे, "पाहुने येनार असले त घर झाडते का नाही आपन?"

चाचांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. इथून खूप धूर आला तर समजायचं की इंजिन गेलं. मावसाजी तोवर पाठ फिरवून शेजारच्या रसवंतीकडे बघत होते. धूर आला जरासाच. चाचा म्हणाले, "चलने दो भाऊ. इतक्यात नाही लागत बांधाले." मावसाजींनी तिथल्या तिथे सगळ्यांना रस पाजला. आणि खरी गंमत पुढे आहे, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. त्यांनी चाचांना फसवलं होतं, आणि चाचांनी सांगितलेलं त्यांना मनापासून पटलं. परत येताना मी म्हटलं, "अहो पण ते ऑइल तुम्हीच..." तर म्हणे, "चाचाले जास्त समजते का तुले?"

त्यानंतर काही आठवड्यांनी मी परीक्षा देऊन रेल्वेने मलकापूरला उतरले. मावसाजी तिथे सिमेंट भरून निघाले होते, मी केबिनमध्ये चढले. राजूर घाटाच्या पायथ्याशी त्यांनी माझ्या मांडीवर लाकडाचा एक ठोकळा ठेवला. "बाई, मी मनलं का उतरजो अन् मांगच्या चाकाले लावजो." मी हसले. ते हसले नाहीत. पहिल्या वळणापर्यंत ते बोलत होते, परीक्षा कशी गेली, पेपर कठीण होता का. दुसऱ्या वळणावर गप्प झाले, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली, कारण घाबरला की हा माणूस गप्प होत नाही, उलट जास्त बोलतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय. केबिनमध्ये धूर यायला लागला. ट्रक खोकला, परत खोकला, आणि मग तो खोकलाच बंद झाला. घाटात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवाही हळूहळू उतरते, आणि हवेचा तो काटा आम्ही दोघंही बघत होतो.

"उतर."

मी उडीच मारली. ट्रक इंचाइंचाने मागे सरकत होता. मी ठोकळा चाकाखाली सारला, चाक त्यावर चढायला बघू लागलं, लाकूड करकरलं. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याने काही न विचारता एक मोठा दगड आणून दुसऱ्या चाकाला लावला. ट्रक थांबला. मावसाजी ब्रेकवर पाय दाबून वरून विचारत होते, "लागला का?"

"लागला."

"पाय काढू?"

"काढा."

"तू आंधी बाजूले हो."

खाली उतरून त्यांनी ठोकळा पायाने दाबून पाहिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाचाले मीच फसवलं, मालूम हाये मले. पन त्याईच्या तोंडून आयकलं त खरं वाटलं."

ट्रक चिखलीला ओढून नेला. मावसाजींनी जयभीम-सलाम व्हायच्या आधीच सांगून टाकलं, "चाचा, जाड ऑइल टाकून आनला होता." चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे भाऊ, गोली खाके डॉक्टर के पास आओगे, तो बुखार किसको दिखेगा?" इंजिन खोललं त्या दिवशी मावसाजी कडुनिंबाकडे तोंड करून उभे, आणि मी इकडून कॉमेंट्री करतेय. "काय दिसून राह्यलं?" "पिस्टन काढला." "कसा हाये?" "रिंग तुटलीय त्याची." मग ते स्वतःच वळून आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका उघड्या गोष्टीत वाकून पाहिलं. म्हणाले, "इतकसंच होतं?"

आता ट्रक एवढा शांत चालतो की पहिल्या संध्याकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला तरी मावशीला पत्ता नव्हता. मावसाजी म्हणाले, "चाहा कुठी हाये?"

"आवाज कुठी आला तुमचा?"

आम्ही सगळे हसलो. मावशी हसली नाही. पदराने हात पुसत म्हणाली, "मी काय चाहासाठी आयकत होती काय? नाक्यापासून सुरू झालेला आवाज मधात कुठी बंद त नाही पडला ना, ते आयकत होती. आधन आपलं असंच. हाताले काम पाह्यजे मनून."

तोवर मला वाटत होतं की आमच्या घरात घाबरणारा माणूस एकच आहे.

हल्ली ते नाक्यावर आले की हॉर्न देतात. मग शाळेजवळ देतात, मग पाण्याच्या टाकीपाशी, मग गल्लीच्या तोंडाला. शेजारी वैतागलेत, भाऊ, गाडी नवीन झाली म्हणून काय गाव उठवता का, असं तोंडावर विचारतात. आणि ते दुसऱ्या दिवशी परत नाक्यापासून घरापर्यंत वाजवत येतात, मधे कुठे शांतता पडणार नाही अशा बेताने.